सुपारी घेणारे 'मास्टर्स ऑफ डिझास्टर': निसर्गशक्तींची खलटोळी कागदावर उभी कशी राहते?

अंक_नववा

'बॅटमॅन अँड द आउटसायडर्स' (बॅटमॅन आणि त्याचा नायकांचा चमू) या कॉमिकच्या ९ व्या अंकात (एप्रिल १९८४) लेखक माईक डब्ल्यू. बार आणि चित्रकार जिम अपारो यांनी 'मास्टर्स ऑफ डिझास्टर' ही पाच जणांची टोळी आणली. जग जिंकणं वगैरे भानगड यांच्या डोक्यात नाही. पैसे घ्यायचे आणि माणूस संपवायचा, एवढाच धंदा. पुढारी न्यू वेव्ह, म्हणजे बेकी जोन्स, शक्ती पाण्याची. तिची धाकटी बहीण वेंडी म्हणजे विंडफॉल, वारा. हीटस्ट्रोककडे उष्णता, कोल्डस्नॅपकडे थंडी, शेकडाउनकडे कंपनं. हीटस्ट्रोक आणि कोल्डस्नॅप एकमेकांवर प्रेम करतात, पण शक्तींपायी एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत.

यांची पहिली सुपारी होती आउटसायडर्समधल्या वीजवाल्या नायकाची, ब्लॅक लायटनिंगची, आणि ती देणारा कुणी डॉन नव्हता. ब्लॅक लायटनिंगच्या एका चकमकीत भलत्याच दिशेला गेलेली गोळी लागून ट्रिना शेल्टन ही मुलगी मेली होती. तिच्या आईवडिलांनी ही टोळी नेमली.

निसर्गशक्तीवाल्या टोळ्या कॉमिकमध्ये पैशाला पासरी आहेत. बहुतेक दुसऱ्याच अंकात विरतात, कारण लेखक शक्ती वाटून मोकळा होतो आणि पुढे काय करायचं हे त्यालाच ठाऊक नसतं. ही टोळी छोटी असूनही चालते. का चालते, आणि मराठीत कुणी अशी टोळी लिहायला-काढायला बसलं तर कुठे काय बिघडतं, हे या धाग्यात तपशिलात बोलू. 'भारी आहे', 'बकवास आहे' एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

तिरपी_रेघ

मार्व्हलचे एलिमेंटल्स यांच्या दहा वर्षं आधीचे. हायड्रॉन, मॅग्नम, हेलफायर, झेफिर. पाणी, माती, आग, वारा. मग यात नवीन ते काय?

अंक_नववा

एलिमेंटल्स आले ऑगस्ट १९७४ मध्ये, 'सुपरनॅचरल थ्रिलर्स'च्या ८ व्या अंकात. लेखक टोनी इसाबेला, चित्रं व्हॅल मेयरिक यांची. गंमत अशी की १९७७ मध्ये ब्लॅक लायटनिंग घडवला तोही इसाबेलांनीच, ट्रेव्हर व्हॉन ईडन यांच्यासोबत.

पण ते चौघे परिमाणाबाहेरून आलेले सत्ताधीश. त्यांना कुणी पैसे देत नाही, त्यामुळे माघार घ्यायला कारणही नाही. भाडोत्री टोळीचं गणित वेगळं. लढाई परवडेनाशी झाली की ती निघून जाते, आणि ते पळपुटेपण ठरत नाही. लेखकाला यात एक मोठी सोय मिळते: नायक जिंकले तरी टोळी पकडली जायलाच हवी असं नाही.

म्हणून आधी सुपारीच्या अटी ठरवा, शक्ती नंतर. कोण पैसे देतंय, आगाऊ किती, काम कधी पुरं झालं म्हणायचं, साक्षीदारांचं काय, आणि एखादा सोडून गेला तर त्याचा वाटा कुणाचा. या पाच गोष्टी लेखकाच्या वहीत असल्या की पात्रं आपोआप वेगळं बोलू लागतात. वाचकाला त्यातल्या दोनच कळल्या तरी पुरे. शेल्टन दांपत्याच्या सुपारीत खरी धार सुपारी देणाऱ्याच्या दुःखात आहे. ब्लॅक लायटनिंगला स्वतःलाच ते मरण खात असतं, त्यामुळे मारेकरी समोर आले तेव्हा तो अर्धा आधीच हरलेला असतो. शेकडाउनने भिंत पाडली काय, न पाडली काय, त्या ताणापुढे ती दुय्यम.

सहा_चौकटी

धागाकर्त्यांशी सहमत. जरा पुढे नेतो.

पाच जणांत दोन नाती बांधलेली आहेत, बहिणी-बहिणी आणि प्रेमी जोडपं. पाचवा उरतो शेकडाउन. त्याला टोळीत कुणीच नाही आणि म्हणूनच तो सगळ्यात पातळ पात्र आहे. तो फक्त जमीन हलवतो. टोळी विषम संख्येची केली की हे होतंच. त्यावर दोन उपाय. एक, उरलेल्याला गिऱ्हाइकाशी बांधा, म्हणजे पैसे ठरवणारा, आगाऊ रक्कम सांभाळणारा तोच. दोन, टोळी चारचीच ठेवा.

उलट विंडफॉल बघा. वयाने सगळ्यात लहान, बहिणीच्या धाकात, आणि खून करायला मन घेत नाही. ती पुढे टोळी सोडून आउटसायडर्सकडे जाते. हे वळण पटतं ते याच कारणाने की तिची टोळीशी गाठ पैशाची नव्हती, बहिणीची होती. बहिणीवरचा विश्वास उडाला की तिला थांबवायला काहीच उरत नाही. पैशासाठी आलेलं पात्र असं हृदयपरिवर्तन करू लागलं तर वाचक जांभई देतो.

तिरपी_रेघ

आणि तिचा शेवट काय केला? 'सुइसाइड स्क्वॉड'च्या २००७-०८ च्या आठ अंकांच्या मालिकेत मारून टाकली. एवढं कष्टाने वळवलेलं पात्र असं खर्ची घालणं हा आळस आहे.

अंक_नववा

त्यावर दुमत नाही.

गणिती_गोगलगाय

शक्तींबद्दल बोलू. 'पाणी', 'वारा' असं नुसतं लिहून ठेवलं की लेखक दर पानावर ती शक्ती गरजेप्रमाणे फुगवतो, मग वाचकाचा विश्वास जातो. थोडे आकडे जवळ ठेवले तर मर्यादा आपोआप कळतात.

उष्णता आणि थंडी या समान शक्ती नाहीत. ३० अंशांचं १ लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ करायला साधारण २५५० किलोज्यूल लागतात. तेच पाणी गोठवायला त्यातून ४६० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे पाण्याशी गाठ पडली की हीटस्ट्रोकचं काम कोल्डस्नॅपच्या साडेपाच पट महाग. दोघांनी सारखीच मेहनत केली असं दाखवलंत तर थंडीवाला जिंकला पाहिजे.

आता वाफ. १ लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंचीची खोली धरा, ती ३०,६०० लिटरची. म्हणजे अंघोळीच्या एका बादलीतलं १८ लिटर पाणी एकदम उकळलं तर अख्खी खोली वाफेने भरते. लागणारी ऊर्जा वीजबिलाच्या भाषेत सुमारे १३ युनिट. आत असलेल्या माणसाला भाजतं, दिसत काही नाही, आणि दार-खिडकी बंद असेल तर काच बाहेर उडते. म्हणून हीटस्ट्रोकला बंद खोलीत पाण्याजवळ पाठवणं म्हणजे स्वतःच्याच माणसांना मारणं. चांगला पुढारी हे जाणतो आणि चांगला नायक तिला तिथेच ओढतो.

वारा. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४६० न्यूटन. समोर उभ्या माणसावर ३० किलोचा जोर. ७० किलोचा माणूस सपाट फरशीवर घसरायला लागतो तो ११५-१२० च्या आसपास. वेग दुप्पट केला की जोर चौपट, म्हणजे २०० ला १२० किलो. आता बॅटमॅनची झूल घ्या. ती ३ चौरस मीटर पसरली तर १०० च्या वाऱ्यालाच १४० किलोची ओढ. विंडफॉलपुढे बॅटमॅनने झूल आधी सोडून द्यायला हवी किंवा अंगाभोवती गुंडाळायला हवी. २ चौरस मीटरच्या दारावर तेवढ्याच वाऱ्यात एकूण ९५ किलोचा रेटा येतो. कुणाला न मारता खोलीत कोंडायचं असेल तर विंडफॉलइतकी सोयीची शक्ती नाही.

तिरपी_रेघ

इतकं पदार्थविज्ञान कोण वाचतो कॉमिकमध्ये? यांच्या डोक्यावरून ढग काढतात आणि मुलं खूश होतात.

गणिती_गोगलगाय

वाचकाला आकडा दाखवायचाच नाही. दार उघडत नाहीये, बॅटमॅन झूल सोडतोय, एवढंच दाखवायचं. पण ते लिहायला सुचावं म्हणून आकडा लेखकाजवळ हवा.

अंक_नववा

गोगलगाय, जोड्यांबद्दल लिहा ना. या टोळीचं खरं बळ एकेकट्याच्या शक्तीत नाही.

गणिती_गोगलगाय

तीन जोड्या कामाच्या आहेत.

पहिली न्यू वेव्ह आणि शेकडाउन. सैल, पाण्याने भरलेली वाळू जोरात हलली की काही सेकंदांत दाट द्रवासारखी वागते. जड इमारत खचते किंवा कलते, जमिनीत पुरलेली रिकामी टाकी वर तरंगून येते. १९६४ च्या नीगाता भूकंपाचे फोटो बघा. जपानमधल्या त्या इमारती जवळजवळ जशाच्या तशा आडव्या झाल्या आहेत, भिंतींना फारशा भेगाही नाहीत. चित्रकाराला आयतं दृश्य आहे. मात्र जमीन निवडून घ्या. मुंबईत भराव टाकून केलेल्या किनाऱ्यालगतच्या जमिनीवर हे पटेल, सह्याद्रीच्या काळ्या कातळावर नाही. कातळ हलेल, वितळणार नाही.

दुसरी हीटस्ट्रोक आणि कोल्डस्नॅप. साध्या खिडकीच्या काचेच्या दोन भागांत ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी ती तडकू शकते. आधी तापवायची, मग थंड करायची. काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी झपाट्याने तापलं तर आतून वाफ होऊन पृष्ठभागाचे पापुद्रे उडतात. पोलाद फार थंड झालं की ठिसूळ होतं, तेव्हा आउटसायडर्समधल्या काटानाच्या तलवारीला खरा धोका कोल्डस्नॅपचा. आणि एक गोष्ट कुणी वापरलेली दिसत नाही: थंडी करायची म्हणजे उष्णता काढून कुठेतरी टाकायची. कोल्डस्नॅपने काढलेली उष्णता हीटस्ट्रोकने घ्यायची असं ठरवलं तर हे जोडपं म्हणजे चालतं-फिरतं यंत्र. हात न लावता हे जमवणं हीच त्यांची कसरत, आणि त्यांचं प्रेमही त्यातच दिसतं. संवाद लागत नाही.

तिसरी जोडी न्यू वेव्ह आणि विंडफॉल. पाणी जड आहे, १ घनमीटर म्हणजे १ टन. ते उचलण्यापेक्षा वाऱ्याने तुषार करून मारणं कितीतरी स्वस्त. डोळ्यांवर मारा केला की बास.

यांच्याच अंगावर उलटणारी गोष्ट: सावज ब्लॅक लायटनिंग आहे, म्हणजे वीज. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण रस्त्यावरचं, गटाराचं, समुद्राचं पाणी मस्त वाहून नेतं. न्यू वेव्हने मैदान ओलं केलं की टोळीचे पाचही जण त्याच डबक्यात उभे. म्हणून पहिला हल्ला तिने करू नये. आधी शेकडाउनने पाय काढून घ्यायचे, मग विंडफॉलने त्याला सोबत्यांपासून तोडायचं, न्यू वेव्ह शेवटी.

सहा_चौकटी

वाचनखूण साठवली.

आता पानांचा हिशेब. पाच विरुद्ध सहा म्हणजे तीस संभाव्य जोड्या. त्या सगळ्या दाखवायच्या मोहात पडलात की २२ पानांचा अंक नुसता गर्दीचा होतो. तीनच झुंजी निवडा, प्रत्येकी दोन पानं. बाकीचे चौकटीच्या मागच्या भागात लढत राहू देत.

पहिली फेरी साधारण पाचव्या पानापासून. ती टोळीने जिंकायची, आणि अशा जोड्यांत की नायकाची शक्ती निरुपयोगी ठरेल. दुसरी फेरी चौदाव्या पानापासून, जोड्या बदलून. मधली पानं फक्त एकाच प्रश्नाची: जोड्या बदलायच्या हे नायकांच्या लक्षात कसं येतं? ते कुणीतरी भाषण करून सांगितलं तर अंक मेला. पहिल्या फेरीतच एका कोपऱ्यात पेरा. हीटस्ट्रोक कोल्डस्नॅपपासून दरवेळी चार पावलं लांब उभी आहे, हे तीन चौकटींत दिसू द्या. बॅटमॅनला ते दिसेल, चाणाक्ष वाचकालाही.

आउटसायडर्सपुरतं बोलायचं तर दोन अडचणी. जिओ-फोर्स विरुद्ध शेकडाउन ही जोडी कागदावर आकर्षक वाटते आणि पानावर कंटाळवाणी होते, कारण दोघेही जमिनीशीच खेळणार. त्यांची नुसती रेटारेटी होते. आणि मेटामॉर्फो. मानवी शरीरात असणारं कुठलंही मूलद्रव्य तो होऊ शकतो, वायूसुद्धा. तो मोकळा असला तर पाचातल्या तिघांना एकटा भारी. म्हणून पहिल्या दोन पानांत त्याला बाजूला काढावाच लागतो. वायू झाला की विंडफॉलने उधळायचा, द्रव झाला की कोल्डस्नॅपने गोठवायचा. यासाठी दोन चौकटी पुरे, जास्त रेंगाळलात तर वाचकाला प्रश्न पडतो की हेच सगळ्यांना का नाही केलं.

हेलो विरुद्ध विंडफॉल ही जोडी मात्र सोडू नका. दोघी लहान, दोघींना नीट माहीत नाही की आपण कोण.

शाईचा_डाग

चित्रांकडे येऊ. अपारो पेन्सिल, शाई आणि अक्षरलेखन तिन्ही स्वतः करायचे, त्यामुळे त्यांच्या पानावर फुगा आणि आकृती कधी भांडत नाहीत. रंग एड्रिएन रॉय यांचे. शिकायचं असेल तर याच मालिकेचे पहिले १९ अंक असलेला 'शोकेस प्रेझेंट्स'चा जाडजूड कृष्णधवल संग्रह (२००७) घ्या. रंग नाहीत म्हणूनच उपयोगी. रंगाच्या कुबड्या काढल्यावर पाण्याची रेघ आणि वाऱ्याची रेघ वेगळी कळते का, हे त्यात तपासता येतं. रंगीत हवं असेल तर २०१७ चा जाड पुठ्ठ्याचा पहिला खंड.

शाईचे नियम थोडक्यात. पाण्याला ब्रश, रेघ जाड-बारीक होत जाणारी, आणि पांढऱ्या जागा आधी राखून ठेवायच्या. नंतर पांढरा रंग लावून उजेड काढला की पाणी दुधासारखं दिसतं. थंडीला पेन, कोन टोकदार, वक्ररेषा शक्यतो नाहीच. उष्णतेला आकृतीची बाह्यरेषा तोडायची, मागच्या वस्तू किंचित लहरत्या काढायच्या. कंपनाला तीच बाह्यरेषा दोनदा, दोन-तीन मिलिमीटर सरकवून.

वारा सगळ्यात अवघड कारण तो दिसतच नाही. त्याला काळ्या रेघांनी बांधू नका. तो जे उडवतो ते काढा: धूळ, कागद, केस, झूल, पावसाच्या धारा. आणि पूर्ण पानावर त्याची दिशा एकच ठेवा. एका चौकटीत केस डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे उडाले की झुंज कुठे चालली आहे हेच कळेनासं होतं. कॅमेरा पलटला असेल तर मध्ये एक लांबची चौकट टाका.

वाफेबद्दल एक. खरी वाफ पारदर्शक असते. पांढरं दिसतं ते थंड होऊन झालेले थेंब. म्हणून जिथून वाफ सुटते तिथे बोटभर मोकळी जागा सोडा आणि मग ढग सुरू करा. चहाच्या किटलीच्या चोचीपाशी नीट बघितलंत तर ती फट दिसते. एवढ्या एका गोष्टीने वाफ धुरासारखी न दिसता वाफेसारखी दिसते.

चौकटीची कडा तडकवणं, चौकट तिरकी करणं हे शेकडाउनसाठी पूर्ण अंकात दोनदाच. तिसऱ्यांदा केलं की ती छपाईची चूक वाटते.

छपाईवाला

रंगांचं थोडं. त्या काळी वर्तमानपत्री कागदावर पिवळा, लाल, निळा या तीन शाया २५, ५० आणि १०० टक्क्यांत मिसळायच्या. 'नाही' धरून प्रत्येकाच्या चार पायऱ्या, म्हणजे एकूण ६४ रंग. एवढ्यात पाच जणांच्या शक्ती वेगळ्या दाखवायच्या. म्हणून पोशाख आणि शक्तीचे रंग घट्ट बांधून टाकणं भाग होतं.

आज संगणकावर लाखो रंग आहेत आणि तिथेच घोळ होतो. पडद्यावर हीटस्ट्रोकची झळाळी मस्त दिसते, छापल्यावर चिखल. कारणं दोन. पडद्याचा भडक नारिंगी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, येतच नाही. आणि शायांची बेरीज जास्त होते. वर्तमानपत्री कागदाला चारही शाया मिळून २४० टक्क्यांच्या आत ठेवा, गुळगुळीत कागदाला ३०० पर्यंत चालतं. आगीसाठी पिवळा १००, लाल ५० ते ६०, निळा शून्य. निळा १० टक्के जरी शिरला तरी आग मळकट. थंडीसाठी निळा ३० ते ४०, पिवळा शून्य. झळाळी हवी असेल तर आग उजळू नका, आजूबाजूचं अंधारा.

वारा आणि पाणी यांच्या रेघा काळ्याऐवजी रंगीत करणार असाल तर त्या वेगळ्या थरावर ठेवा आणि एकाच शाईत ठेवा, समजा निळा १००. दोन शायांत बारीक रेघ ठेवली आणि प्लेट जराशी सरकली की एकाच्या दोन रेघा दिसतात.

तिरपी_रेघ

हे सगळं इंग्रजी अंकांना ठीक. मराठीत फुग्यात अक्षरं मावत नाहीत, तिथे आधी बोला.

वेलांटी

मावतात, इंग्रजी मापं वापरली नाहीत तर.

मराठी शब्दांना विभक्ती चिकटते, त्यामुळे शब्द कमी पण लांब. इंग्रजीत एका फुग्यात २५ शब्द चालतात, इथे १५ ते १८ वर थांबा. छापील आकार ९ ते १० पॉइंट. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.४ ते १.५ पट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. फुगा लंबगोल करताना वर-खाली जास्त जागा सोडा, कारण पहिल्या ओळीला रफार आणि मात्रा असतात.

आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा ओरडणं दाखवायला जाडी आणि आकार हेच हत्यार. पण एका फुग्यात एकच शब्द जाड.

संवादासाठी 'कलम' हा हस्ताक्षरी वळणाचा फाँट बरा. ध्वनिशब्दांसाठी एक टाइपचा 'बलू' जाडजूड आहे, लांबून वाचता येतो. दोन्ही मुक्त परवान्याचे. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलत्या जागी जात असेल, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. तो निवडला नाही तर 'शक्ती' छापली जाते 'शक्‌ती'.

ध्वनिशब्द पात्रागणिक ठरवून टाका. पाण्याला 'धबाक', 'खळ्ळ'. वाऱ्याला 'सूंऽऽ', 'घोंऽऽ'. उष्णतेला 'चर्रर्र', 'फस्स'. थंडीला 'तडतड', 'काटकन'. जमिनीला 'गुडगुड', 'धडाड'. वाचक तिसऱ्या पानापर्यंत आवाजावरून माणूस ओळखू लागला पाहिजे. इंग्रजी 'बूम' आणि 'क्रॅश' देवनागरीत लिहून ठेवू नका, कानाला खोटं लागतं.

देवनागरीत एक गोष्ट फुकट मिळते, शिरोरेषा. थंडीला तिच्याखाली हिमसुळे लोंबवता येतात, कंपनाला ती तडकवता येते, वाऱ्याला शेपटीसारखी लांबवता येते. फक्त तडा कुठे पाडताय ते बघा. म आणि भ, घ आणि ध यांच्यात फरक शिरोरेषेतल्या मोकळ्या जागेचाच मोठा. 'घडाड'वर चुकीच्या जागी भेग पडली की 'धडाड' वाचलं जातं. ते एक वेळ चालून जाईल, पण 'मार' म्हणायचं असताना 'भार' झालं तर नाही चालणार.

शाईचा_डाग

+१. शिरोरेषेला तडा देताना दोन अक्षरांच्या मधोमध द्या, अक्षराच्या डोक्यावर नको. आणि ध्वनिशब्द पेन्सिलीच्या कच्च्या आराखड्यातच बसवा. चित्र पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत कोंबलेला 'धबाक' नेमका चेहऱ्यावर येतो.

सहा_चौकटी

अवांतर: ११ बाय १७ इंचांच्या बोर्डावर १० बाय १५ इंचांचं चित्रक्षेत्र हे अमेरिकन माप. आपल्याकडे ए३ सहज मिळतो, तो ११.७ बाय १६.५ इंच. त्यावर १० बाय १५ बसतं, पण वर-खाली जेमतेम पाऊण इंच उरतो. कडेपर्यंत जाणारी पानं काढायची असतील तर चित्रक्षेत्र ९.५ बाय १४.२५ करा, प्रमाण तेच राहतं.

तिरपी_रेघ

बरं, मान्य. मग शेवटचा प्रश्न. टोळी हरते कशी? पाचही जणांना ठोसे मारून बेशुद्ध पाडायचं, हा प्रकार मला असह्य होतो.

अंक_नववा

सुपारीच्या वहीत उत्तर आहे. भाडोत्री टोळी तीन कारणांनी थांबते. गिऱ्हाईक माघार घेतं, खर्च मोबदल्यापेक्षा वाढतो, किंवा आतला एक माणूस फिरतो. यांतलं एक निवडा आणि ते पहिल्या पाच पानांत पेरा. दोन निवडलीत तर दोन अंक लागतील.

सर्वांत सोपं तिसरं, म्हणून सगळे तेच करतात. सर्वांत अवघड पहिलं, कारण त्यात शेवटचा प्रसंग गिऱ्हाईक आणि सावज यांच्यात घडतो आणि पाचही शक्तिमान माणसं बाजूला नुसती उभी असतात. ती माणसं चार पानं बिनकामाची उभी असताना कशी दिसतात, हात कुठे ठेवतात, कोण कुणाकडे बघतं, हे ज्या चित्रकाराला जमेल त्यानेच या वाटेला जावं.

दुसरं कारण निवडलंत तर एक करा: टोळीच्या पुढारी बाईला संपूर्ण झुंजीत मोजताना दाखवा. किती जखमी, किती वेळ गेला, पोलीस किती लांब. तिने 'चला' म्हटलं की बाकीचे हातातलं अर्धं काम टाकून निघाले पाहिजेत, आणि एकाने निघायला उशीर केला पाहिजे.

तिरपी_रेघ

कुणी? विंडफॉलने?

अंक_नववा

नको, ती अपेक्षितच आहे. शेकडाउनला उशीर होऊ दे. त्याला टोळीत कुणी नाही, तेव्हा त्याच्यासाठी कोण परत वळतं ते बघायला मिळेल.